नोंद क्रमांक एकशे सतरा

माझ्या फॉर्मवर दुखण्याला चार चौकोन आहेत:
टोचणारं, दाबणारं, जळजळणारं, इतर.
समितीने दोन बैठकींत मंजूर केलेले.

पहाटे तीनला कॅज्युअल्टीत येणारी माणसं
चौकोन बघून येत नाहीत.
चेंबूरचा वेल्डर सांगतो, आत कुणीतरी पाना लावून पिळतंय.
शिवडीच्या गोदामातला हमाल
फक्त मुठीने दाखवतो.
एक निवृत्त मास्तर विचारतात,
"कळ म्हणू की चमक?"
आणि मी सांगायच्या आत त्यांचा सदरा घामाने भिजतो.
मी 'इतर'वर खूण करते.
'इतर' हा आमचा सगळ्यात भरलेला वॉर्ड.

विषय तसा साधा:
दारात पाऊल पडल्यापासून
छातीवर ईसीजीच्या तारा लागेपर्यंत
किती मिनिटं जातात.
दहाच्या आत हवीत, असं पुस्तक म्हणतं.
पुस्तकातल्या कॅज्युअल्टीत
दोन स्ट्रेचरवर तीन माणसं नसतात,
आणि कागदाचा रोल संपला म्हणून
लवूमामाला तिसऱ्या मजल्यावर धावावं लागत नाही.

एकशे सतरा.
प्रभावती घाडी, वय त्रेपन्न, भांडुप.
दिवसाला दोनशे चपात्या लाटणारे हात.
सोबत शेजारीण, तिच्या पिशवीत सोडा आणि लिंबू.
"माका वायच पित्त झालाहा," म्हणाली
आणि पदर पोटाशी धरून बाकावर बसली.
तेवढ्यात डोकं फुटलेला पोरगा आला.
रक्त दिसलं की सगळे तिकडेच धावतात,
मीही धावले.
बाईंनी पाय आवरून स्ट्रेचरला वाट दिली.
"तेका आदी बघा. माझां काय..."

मी सहा टाके घातले.
चांगले बसले होते टाके, अजून आठवतात.
सातव्यासाठी दोरा ओढताना
सिस्टर डाबरेंची हाक आली,
नेहमीच्या पट्टीच्या वरची.

मशीनमधून कागद सरकत आला:
एकामागून एक उंच, गोल माथ्याचे उभार.
त्या आकाराला आमच्याकडे थडगी म्हणतात.
मी गमतीने शिकवलंय हे, ज्युनिअर पोरांना,
चहा पिता पिता.

बावन्न मिनिटं.
तीही नक्की नाहीत.
नोंदणी खिडकीवरचं घड्याळ चार मिनिटं पुढे आहे,
आणि मी वेळ लिहिली मनगटावरची.
म्हणजे छप्पन्न.
त्यांचा मुलगा सकाळी डोंबिवलीहून आला.
त्याने विचारलं, "लगेच बघितलं ना?"
मी त्याला कोणताच आकडा सांगितला नाही.

सर म्हणाले, एकशे सतरा वगळ.
एकटीच लांब पडलीये, सरासरी बिघडवते.
सर वाईट नाहीत.
त्यांनी याच बाकांमधून तीस वर्षं वाट काढलीये.
मी सरासरी सोडली आणि मध्यक घेतला.
मध्यक फार समजूतदार असतो,
एका माणसाने त्याला काही होत नाही.
बाई तक्त्यात राहिल्या.

लवूमामाने माझा प्रोटोकॉल वाचलेला नाही.
पण हल्ली कुणी पित्त म्हटलं,
की तो मला न विचारता मशीनची गाडी ढकलत आणतो.
करकरतं एक चाक, आधी तेच ऐकू येतं.
यामुळे माझा अभ्यास बिघडतोय.
जे मोजायचं तेच मोजता मोजता बदलतंय,
हे मला 'मर्यादा' या मथळ्याखाली
नीट लिहावं लागेल.
अजून लिहिलेलं नाही.
त्याला थांबवलेलंही नाही.

काल रात्री पाच पित्तं आली.
पाचही खरंच पित्त होती.
रोल पुन्हा संपला.